एका बारवेचा थ्री-डी नकाशा आणि तिचंच थ्री-डी मॉडेल

ग्रामपंचायतीच्या पत्रात मागणी एका ओळीची होती : बारवेचं थ्री-डी करून मिळावं. परभणी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या पोरांनी श्रमदानातून बारवेतला कित्येक वर्षांचा गाळ उपसला होता, झाडोरा काढला होता. खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या तेव्हा नैर्ऋत्येचा कोपरा ढासळल्याचं दिसलं. तो पुन्हा उभा करायचा तर अंदाजपत्रकासाठी आराखडे हवेत आणि देणगीदारांना दाखवायला एखादं चित्रही हवं. या दोन्ही गरजा त्या एका ओळीत होत्या.

मी सर्व्हेचं काम करते. रस्ते, कालवे, गावठाणं मोजण्यात माझी वर्षं गेली आहेत. मॉडेलिंग शिकले होते, पण कामात मोजून द्यायचं आणि पुढचं आर्किटेक्टने बघायचं अशीच वाटणी असायची. या बारवेमुळे दोन्ही टोकं माझ्याकडे आली. थ्री-डी मॅपिंग आणि थ्री-डी मॉडेलिंग या दोन कामांत किती अंतर आहे, ते तेव्हा हाताला कळलं.

बारव नंदा प्रकारची, म्हणजे एकाच बाजूने उतरायची वाट असलेली. जुन्या शिल्पग्रंथांत प्रवेशांच्या संख्येवरून नंदा, भद्रा, जया, विजया असे चार प्रकार सांगितले आहेत. परभणी जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. वालूरची चक्राकार बारव आता बाहेरच्यांनाही माहीत झाली आहे, चारठाण्याला पुष्करणी आहे. ही बारव त्या मानाने साधी. काळ्या दगडाची, चुना न वापरता घडीव चिरे एकमेकांवर बसवलेली, मधल्या टप्प्यावर तिन्ही बाजूंना देवळ्या. ती कोणी बांधली याचा शिलालेख नाही. कागदावर तिची ओळख फक्त सातबाऱ्यावरची ‘विहीर’ एवढीच.

आम्ही वैशाख निवडला, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली असतं. फोटोंवरून नकाशा करायचा तर पाणी हा मोठा अडथळा. त्याच्या पृष्ठावर आकाश दिसतं, ढग दिसतात, आपलीच सावली दिसते. सॉफ्टवेअरला दोन फोटोंत तोच ठिपका पुन्हा सापडावा लागतो आणि पाण्यावर तो सापडत नाही. पाण्याखालच्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसल्या, तरी प्रकाश वाकल्यामुळे त्यांची खोली खरी येत नाही.

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर गाव हिरव्या पट्ट्यात असल्याची खात्री केली. 2021च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात 120 मीटरपर्यंत उडवायला परवानगी घ्यावी लागत नाही. आम्हाला 30 मीटर पुरेसे होते. लहान ड्रोनच्या कॅमेऱ्यातून त्या उंचीवर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा साधारण एक सेंटिमीटर.

पण त्याआधी खुणा मारायच्या होत्या, आणि मॅपिंगची खरी मेहनत तिथेच असते. बारवेभोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींचे फ्लेक्सचे तुकडे ठेवले आणि प्रत्येकाचं स्थान जीएनएसएस रिसीव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा काढणाऱ्या यंत्राने घेतलं. पोरांना याचं नवल वाटलं. “ताई, फोटोत सगळं येतंय की, मग हे कशाला?” एकाने विचारलं. फोटोंतून आकार येतो, माप येत नाही. नुसत्या फोटोंवरून काढलेली बारव दहा मीटरची आहे की टेबलावर मावेल एवढी, हे सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. उत्तर कुठे, वर कुठे, तेही त्याला ठाऊक नसतं. जागा माहीत असलेले बिंदू दिले की मग त्या आकाराला पृथ्वीवर जागा मिळते.

उंचीचा घोळ तर सर्व्हेतल्या नव्या माणसाला हमखास चकवतो. रिसीव्हर जी उंची देतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासूनची. समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी. आपल्या भागात या दोन आकड्यांत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. बारवेपुरतं बोलायचं तर याने बिघडत नाही, सगळंच सारखं वर किंवा खाली जातं. पण पुढे कोणी शेजारच्या ओढ्याच्या पातळीशी ही उंची ताडून पाहिली, तर बारवेचा तळ पाताळात दिसेल. म्हणून नकाशासोबत उंची कुठल्या पायाची, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत) कुठलं, हे लिहावंच लागतं. यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; परभणी त्याच्या 43व्या पट्ट्यात येते, नागपूर 44व्यात. इतक्या कोरड्या तपशिलांवर मॅपिंग उभं असतं.

तळाशी वेगळीच अडचण. खोल बारवेत आकाशाचा छोटा चौकोनच दिसतो, उपग्रह पुरेसे मिळत नाहीत. वरचे दोन पक्के बिंदू धरून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या तिवईवरच्या यंत्राने, मोजमाप पायरीपायरीने खाली नेलं. ड्रोनने आधी सरळ खाली पाहून, मग कॅमेरा तिरका करून फेऱ्या मारल्या. शेजारशेजारच्या फोटोंत ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग सामाईक ठेवला. तिरके फोटो भिंतींसाठी तर हवेतच, शिवाय त्यांच्यामुळे आणखी एक दोष टळतो. फक्त सरळ खालचे फोटो आणि कमी खुणा असतील, तर सपाट जमीनही नकाशात बशीसारखी खोलगट किंवा फुगीर येऊ शकते. लेन्सच्या वक्रतेचा हिशोब चुकल्याचा तो परिणाम. देवळ्यांच्या आतले, पायऱ्यांखालचे, अंधाऱ्या कोपऱ्यांतले फोटो हातातल्या कॅमेऱ्याने काढले. ऊन डोक्यावर असताना तळापर्यंत उजेड येतो, पण एका भिंतीवर लखलखाट आणि दुसरीवर काळोख असतो. ढग आले की सगळीकडे सारखा मंद उजेड पसरतो. त्या ढगांसाठी आम्ही पारावर बसून वाट पाहिली.

घरी आल्यावर फोटो ओपनड्रोनमॅपला दिले. हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि अशा गावपातळीच्या कामाला उत्तम. ते प्रत्येक फोटोत लक्षात राहतील असे ठिपके शोधतं : चिऱ्यावरचा टवका, शेवाळाचा डाग, छिन्नीची खूण. तोच ठिपका अनेक फोटोंत दिसला की कॅमेरा कुठे होता आणि ठिपका कुठे आहे, दोन्ही एकदमच सोडवतं. त्यातून लाखो बिंदूंचा ढग तयार होतो. स्क्रीनवर तो फिरवताना बारव डोळ्यांसमोर उभी राहते. प्रत्येक चिरा ओळखू येतो.

मात्र तो ढग आंधळा असतो. त्याला पायरी माहीत नाही, भिंत माहीत नाही. पायरीवर विसरलेलं घमेलं आणि चारशे वर्षांचा चिरा त्याच्यासाठी सारखेच : अमुक जागी अमुक रंगाचा बिंदू. तो काही सुचवत नाही आणि काही सुधारतही नाही. कोपरा ढासळला आहे तर ढासळलेला दाखवतो, भिंत वाकडी आहे तर वाकडी. मला मॅपिंग प्रिय आहे ते याच गुणासाठी. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हेही आकड्यात सांगता येतं. काही खुणा मी मुद्दाम सॉफ्टवेअरला दिल्या नव्हत्या. नकाशा तयार झाल्यावर त्यांची नकाशातली जागा आणि मोजलेली जागा ताडून पाहिली. जे बिंदू हिशोबात वापरले त्यांच्यावरच अचूकता तपासणं म्हणजे पेपर सेट करणाऱ्यानेच पेपर सोडवण्यासारखं आहे. फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आला. अशा कामाला तो समाधानकारक.

ढगात भोकं होती. पाण्याचा चौकोन रिकामा, दोन देवळ्यांच्या छताचा आतला भाग रिकामा, ढिगाऱ्यामागची जागा रिकामी. सॉफ्टवेअर बिंदू जोडून पृष्ठभागाची जाळी विणताना अशी भोकं बुजवू पाहतं, वरून एक मऊ पडदा ताणून देतं. दिसायला ते छान असतं. मी ते पडदे कापून काढले. जिथे कॅमेरा पोहोचला नाही तिथे नकाशाने गप्प बसावं, अशी माझी ठाम भूमिका आहे. पोकळी दिसली म्हणजे उद्याचा माणूस तिथे टेप घेऊन जाईल. पडदा दिसला तर तो त्यालाच दगड समजेल.

इथवरचं काम म्हणजे मॅपिंग. गावकऱ्यांना मी ते लॅपटॉपवर फिरवून दाखवलं. आनंद सगळ्यांना झाला, पण सरपंचबाईंनी नेमकं विचारलं, “ताई, कोपरा बांधायचा कसा ते यातून कळंल का?” कळणार नव्हतं. त्यासाठी मॉडेल हवं होतं.

मॉडेलिंगसाठी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा समोर रिकामी जागा होती. मॅपिंगची सुरुवात जे आहे त्याने होते, मॉडेलिंगची सुरुवात शून्याने. अक्षरशः शून्याने, कारण नकाशातले निर्देशांक लाखांत असतात आणि एवढे मोठे आकडे अशा सॉफ्टवेअरमध्ये तसेच आणले तर रेषा थरथरायला लागतात. म्हणून बारवेचा एक कोपरा शून्य धरून सगळ्यांतून तेवढी वजाबाकी करावी लागते. ती वजाबाकी मी कागदावर लिहून फाइलसोबत ठेवली. ती हरवली की मॉडेल अधांतरी. सुंदर दिसेल, पण कुठल्या गावचं ते सांगता येणार नाही.

त्यानंतर प्रत्येक रेषेला निर्णय द्यावा लागतो. पायऱ्यांचंच घ्या. सोपी वाट अशी की एक पायरी करायची, सरासरी उंची द्यायची आणि ती हवी तितकी वेळ खाली नक्कल करायची. पण खऱ्या पायऱ्या सारख्या नाहीत. वरच्या बुटक्या आहेत, खालच्या टप्प्यात उंच आहेत, आणि काही पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मध्ये झिजलेल्या. झीज दाखवायची की मूळ कड? बांधकामाच्या आराखड्याला मूळ कड हवी. मी प्रत्येक टप्प्याची पायरी वेगळी केली आणि झीज सोडून दिली. इथे मी पाहिलेली वस्तू बाजूला ठेवून पाथरवटाच्या मनातली वस्तू काढत होते. मॉडेल करणारा सतत हेच करतो : समोरच्या वस्तूमागचा हेतू शोधतो.

दुसरा प्रश्न जाडीचा. कॅमेऱ्याला दगडाची फक्त दर्शनी बाजू दिसते. लाखो बिंदूंचा तो ढग म्हणजे बारवेची कातडी. चिरा भिंतीत किती आत गेला आहे, मागे भराव कसला आहे, यातलं त्याला काहीच माहीत नाही. मॉडेलला मात्र ठोस दगड हवा, कारण अंदाजपत्रकात दगड घनमीटरमध्ये मोजतात. याचं उत्तर गावातल्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी दिलं. ढासळलेल्या कोपऱ्यात चिऱ्यांची बाजू उघडी पडली होती. काकांनी हात लावून दाखवलं : हा आखूड, हा लांब, हा मुद्दाम आतपर्यंत घातलेला, बाकीच्यांना धरून ठेवायला. “ह्यो लांबडा काढला की समदं सुटतं,” ते म्हणाले. ते लांब दगड मी एकेक मोजले आणि मॉडेलमध्ये त्यांना वेगळं नाव दिलं. त्या ढासळलेल्या जागेने भिंतीची आतली रचना दाखवली.

उरला कोपरा स्वतः. समोरचा, आग्नेयेचा कोपरा शाबूत आहे. त्याची आरशातली प्रतिमा घेतली तर काम पटकन झालं असतं. पण बारवेच्या बाजू नेमक्या सारख्या नाहीत, हे नकाशाने आधीच सांगितलं होतं. एका आजोबांच्या आठवणीत त्या कोपऱ्यात एक छोटी देवळी होती आणि तिच्यात नागाचा दगड. दुसऱ्यांना देवळी आठवत नव्हती. मग एका घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोत, बारवेवर काढलेल्या लग्नाच्या फोटोत, नवरा-नवरीच्या मागे तो कोपरा अर्धवट दिसला. देवळीची वरची कड स्पष्ट होती, खालचा भाग माणसांच्या मागे. थर मोजून तिची उंची ठरवता आली, खोली ठरवता आली नाही.

अशा वेळी काय करायचं यावर जगभरातल्या वारसा-अभ्यासकांनी विचार करून ठेवला आहे. संगणकावर वारशाचं दृश्य रूप उभं करताना कुठला भाग पुराव्यावर आहे आणि कुठला तर्कावर, हे नोंदवलंच पाहिजे, असं 2009च्या लंडन चार्टरमध्ये म्हटलं आहे. मी तीन रंग ठरवले. मोजलेलं ते राखाडी, शाबूत बाजूवरून किंवा फोटोवरून काढलेलं ते पिवळं, सांगण्यावरून घेतलेलं ते तांबडं. देवळीची कड पिवळी झाली, आतली खोली तांबडी आणि नागाचा दगडही तांबडा. देणगीदारांच्या चित्रासाठी रंग काढून सगळं काळ्या दगडाचं करावं, असा आग्रह झाला. मी चित्र तसं दिलं, पण रंगाचं चित्र त्याच पानावर शेजारी ठेवायला लावलं.

हा आग्रह मला का महत्त्वाचा वाटतो, ते पॅरिसच्या नोत्र दामच्या गोष्टीवरून सांगता येईल. 15 एप्रिल 2019ला त्या कॅथेड्रलला आग लागली, छत आणि शिखर गेलं. लगेच एक बातमी फिरली की 2014च्या एका व्हिडिओ गेमसाठी केलेल्या थ्री-डी मॉडेलवरून ते पुन्हा बांधता येईल. त्या कलाकारांनी कॅथेड्रल अतिशय मेहनतीने उभं केलं होतं, पण खेळासाठी. गेम फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला आणि त्यात 19व्या शतकात बांधलेलं शिखर ठेवलेलं, कारण लोकांच्या मनात नोत्र दाम तसंच आहे. मॉडेल म्हणून तो निर्णय योग्यच होता. बांधकामाच्या उपयोगाचं होतं ते वेगळंच काम. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने 2010च्या सुमारास लेझर स्कॅनरने ती इमारत आत-बाहेर मोजली होती, अब्जाहून जास्त बिंदू घेतले होते. कुठला खांब किती कलला आहे, हे त्यात नोंदलं गेलं होतं. आगीच्या काही महिने आधी टॅलन वारले. त्यांचं मोजमाप पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या हाती आलं. आपल्या शेजारी गुजरातेत पाटणच्या राणी की वावचं असंच लेझर स्कॅनिंग 2011मध्ये झालं आहे. आपल्या शेकडो बारवांच्या वाट्याला असं मोजमाप अजून आलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या कामातला सर्वांत मोलाचा क्षण मात्र मॉडेल पूर्ण झाल्यानंतर आला. मॉडेल आणि नकाशा क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर ठेवले आणि नकाशातला प्रत्येक बिंदू मॉडेलच्या पृष्ठापासून किती दूर आहे, हे रंगात काढलं. बहुतेक भाग हिरवा आला, म्हणजे दोन्ही जुळत होते. पायऱ्यांच्या मध्यावर निळे पट्टे, ती झीज. उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून थोडं खाली, एक मोठा लाल गोळा. तिथे खरी भिंत मॉडेलच्या सरळ भिंतीपेक्षा तळहाताएवढी पुढे आली होती.

आधी मला मॉडेलवरच शंका आली. पुन्हा गावात जाऊन वरून ओळंबा सोडला आणि टेपने अंतरं घेतली. नकाशा खरं बोलत होता. गवंडीकाका बघत उभे होते. “पोट निघालंय भिंतीला,” ते म्हणाले. “वर ती पिपळी आहे ना, तिची मुळं.” श्रमदानात झाडं कापली होती, पण त्या पिंपळाचा बुंधा चिऱ्यांतच राहिला होता. सगळ्या गावाचं लक्ष ढासळलेल्या कोपऱ्यावर होतं आणि पुढे पडायची वेळ त्या उभ्या भिंतीची होती.

एकट्या नकाशात ते पोट होतंच. पण शेकडो उंचवट्यांतला तो एक उंचवटा, त्याला भिंतीने सरळ असायला हवं होतं हे माहीत नव्हतं. एकट्या मॉडेलमध्ये भिंत सरळच होती, कारण मी ती सरळ काढली होती. दोन्ही एकमेकांना न मिसळता शेजारी ठेवले, तेव्हा दोष दिसला. म्हणूनच, मॉडेल नकाशाला चिकटवून ‘जसंच्या तसं’ करून टाका, असं कोणी सुचवलं तर मी नकार देते. मॉडेल वाकड्या भिंतीबरोबर वाकवलं असतं, तर पोट कायमचं लपलं असतं.

प्रत्येक कामाला दोन्ही लागतात असं नाही. 24 एप्रिल 2020ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजतात, मालमत्ता पत्रकासाठी. तिथे घराची हद्द कुठे आहे एवढाच प्रश्न, तो मॅपिंगचा. अजून बांधली न गेलेली इमारत दाखवायची तर मोजण्यासारखं काही नसतंच, तिथे मॉडेलिंग. कोणी ‘थ्री-डी करून द्या’ म्हणून आलं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते : वस्तू उभी आहे का, आणि ती आहे तशी हवी की असायला हवी तशी?

गावाला मी वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर दोन संच दिले. एकात मूळ फोटो, खुणांचे निर्देशांक, बिंदूंचा ढग आणि तपासणीचे आकडे. फोटो मुद्दाम दिले, कारण उद्याचं सॉफ्टवेअर त्याच फोटोंतून जास्त काढू शकेल. दुसऱ्यात मॉडेल, ती वजाबाकी लिहिलेला कागद, तीन रंगांची यादी आणि प्रत्येक निर्णयामागचं कारण. अंदाजपत्रकात क्रम बदलला. आधी उत्तरेच्या भिंतीला टेकू, मग जतन-वास्तुविशारदाच्या देखरेखीत पिंपळाचा बुंधा आणि त्यानंतर कोपरा. टेकू पावसाआधी लागले.

बारवेच्या काठावर चार ठिकाणी पक्के, पितळी खुणेचे खिळे बसवले आहेत, भिंतींपासून दूर, न हलणाऱ्या खडकात. दिवाळीनंतर पाणी उतरलं की त्याच खिळ्यांवरून पुन्हा मोजणी होईल. तेव्हा तुलना नकाशाची नकाशाशी असेल, मॉडेलची गरज पडणार नाही. वैशाखातली भिंत आणि कार्तिकातली भिंत यांत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर पोट अजून वाढतंय. त्याहून कमी आला तर तो आमच्या मोजण्याच्या अचूकतेच्या आत जातो आणि त्यावरून काही म्हणता येणार नाही. म्हणून त्या भिंतीवर टोटल स्टेशनसाठी वेगळी निशाणं चिकटवली आहेत. त्यांची जागा काही मिलिमीटरपर्यंत कळते. श्रमदानातली दोन पोरं टोटल स्टेशन लावायला शिकली आहेत, पुढची मोजणी तीच करणार आहेत.